सोसायटीच्या आवारात मासे आणि भाजी: एका प्रयोगाचं पहिलं दीड वर्ष

पार्श्वभूमी

पुण्याच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरातली ही सोसायटी. दोन इमारती, सात मजले, ४८ घरं. ओल्या कचऱ्याचं खत आवारातच होतं आणि त्या खतावर गच्चीतली कुंड्यांची बाग बरीच वर्षं चालू आहे. बागेचा गट सात जणांचा. त्यातले एक निवृत्त काका मुलाकडे परदेशी राहून आले, तिथे त्यांनी माशांच्या टाकीवर वाढणारी भाजी पाहिली आणि परतल्यावर पहिल्याच बैठकीत वहीत काढलेला आराखडा टेबलावर ठेवला. गच्चीवर दोन हजार लिटरच्या दोन टाक्या, त्यात तिलापिया, बाजूला खडीचे वाफे, वर्षाला अमुक किलो मासे, तमुक किलो भाजी. बागेच्या निधीत दीड लाखाच्या आसपास रक्कम होती. माझं शिक्षण मत्स्यशास्त्राचं आणि काम गच्चीवरच्या बागांचं, म्हणून मला बोलावणं आलं.

ज्यांना ॲक्वापोनिक्स नवं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. मासे खातात आणि पाण्यात अमोनिया सोडतात. तो त्यांच्यासाठीच विष असतो. खडीवर वाढणारे एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात (तेही विषारीच), आणि दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट झाडांना हवं असतं. झाडं ते घेतात, पाणी पुन्हा माशांकडे जातं. कल्पना जुनी आहे, भातखाचरात मासे वाढवणारे शेतकरी हेच करत आले. टाकी आणि पंप वापरून त्याचं मोजमाप बसवलं ते अमेरिकेच्या व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात जेम्स रॅकोसी आणि सहकाऱ्यांनी, १९८० च्या दशकापासून. त्यांनी शोधलेली सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे हिशेब कशाचा धरायचा ते. माशांची संख्या मोजू नका, रोज किती खाद्य टाकता ते मोजा, आणि त्यावरून किती चौरस मीटर भाजी पोसली जाईल ते ठरवा. त्यांच्या तराफ्यांच्या पद्धतीत (भाजी पाण्यावर तरंगत्या तराफ्यांवर वाढते) खाद्याचं ते प्रमाण चौरस मीटरला रोज ६० ते १०० ग्रॅम होतं. खडीच्या वाफ्यात पालेभाजीला ४०-५० ग्रॅमही पुरतं.

पहिला पेच: गच्ची की जमीन

काकांच्या आराखड्यात सगळं गच्चीवर होतं, आणि का ते उघड आहे: ऊन तिथेच आहे. मी आकडे मांडायला बसले. एक मीटर खोल पाणी म्हणजे चौरस मीटरला एक हजार किलो. माणसांची ये-जा असलेल्या सपाट गच्चीसाठी आपल्याकडचं भारमानक, आयएस ८७५, चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरायला सांगतं. म्हणजे गच्चीभर वीतभरसुद्धा नाही, जेमतेम पंधरा सेंटिमीटर पाणी. एक फूट जाडीच्या ओल्या खडीचा वाफा पाचशे किलोच्या पुढे जातो.

"अहो, वर आधीच पंधरा-पंधरा हजार लिटरच्या टाक्या आहेत की," काका म्हणाले. हा प्रश्न मला प्रत्येक सोसायटीत विचारला जातो. त्या टाक्या गच्चीच्या स्लॅबवर नसतात, खांब वर वाढवून त्यांच्या तुळयांवर बसवलेल्या असतात. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावलं. त्यांनी नकाशे पाहून सांगितलं की खांबांच्या माथ्यावर लोखंडी चौकट टाकून एक टाकी बसवता येईल, पण चौकटीचा, वॉटरप्रूफिंगचा आणि त्यांच्या प्रमाणपत्राचा खर्च पूर्ण निधी खाईल. शिवाय सातव्या मजल्यावरच्या दोन्ही घरांनी गळतीची हमी लेखी मागितली. त्यांची मागणी वाजवी होती.

तीन पर्याय उरले. टाकी खाली आणि वाफे वर: त्यासाठी २२ मीटर उंच पाणी दिवसभर चढवावं लागलं असतं, वीजबिलानेच प्रकरण संपलं असतं. सगळं इमारतीच्या बाजूच्या मोकळ्या पट्ट्यात: तो पट्टा अग्निशामक गाडीचा, तिथे कुंडीसुद्धा ठेवू नये. तिसरा, पंपघराच्या मागची पूर्वेकडची जागा, जिथे तोवर जुने मंडपाचे बांबू आणि मोडक्या सायकली पडलेल्या होत्या. तिथे सकाळचं ऊन पाच तास येत होतं. दुपारनंतर इमारतीची सावली.

तिसरा पर्याय निवडला. त्या क्षणी टोमॅटो, ढोबळी मिरची, काकडी हातची गेली आणि पालेभाजीवर समाधान मानायचं ठरलं. निर्णय योग्यच होता असं मला आजही वाटतं. फक्त तो ज्या भाषेत सोसायटीला सांगितला गेला ती चुकली. पत्रकात टोमॅटोचं चित्र तसंच राहिलं, आणि पुढे वर्षभर लोक टोमॅटोंबद्दल विचारत राहिले.

दुसरा पेच: कोणते मासे

काकांना तिलापिया हवा होता. उजनीच्या बाजूला त्याला चिलापी म्हणतात, भिगवणच्या बाजारात ढिगाने येतो. चिवट, भराभर वाढणारा, टाकीत सुखाने राहणारा. पण तो परदेशी मासा आहे, ओढ्या-नाल्यात सुटला की आवरत नाही, म्हणून त्याच्या संवर्धनासाठी केंद्राच्या मार्गदर्शक सूचना आहेत आणि मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी घ्यावी लागते. सोसायटीच्या कारभाऱ्यांना परवानगीचे आणखी कागद नको होते. रोहू-कटला तळ्याचे मासे, हजार लिटरच्या टाकीत त्यांचे हाल होतात. पंगस ऑक्सिजन कमी असला तरी तग धरतो, पण भित्रा. जरा खुट्ट झालं की टाकीच्या भिंतीवर थडकतो, आणि पंपघराशेजारी दिवसभर खुट्ट होतच असतं. एकाने थाई मागूर सुचवला. तो बंदी असलेला मासा आहे, विषय तिथेच संपवला.

खरा पेच मात्र माशांच्या जातीचा नव्हताच. ४८ पैकी १९ घरं शाकाहारी. सभेत पहिल्या मजल्यावरच्या एक काकू शांतपणे उठल्या. "बाग करा, तळं करा, माझी ना नाही. पण जिना उतरताना कोणी मासा कापताना दिसलं तर मी या सोसायटीत राहणार नाही." कोणी हसलं नाही. काका म्हणाले, "वहिनी, मासे आम्ही घरी नेऊन कापू." "घर म्हणजे माझ्या शेजारचंच ना?"

अर्धा तास चाललं. अध्यक्षांनी मध्यममार्ग काढला: शोभेचे मासे पाळायचे, कोई कार्प. मारायचे नाहीत, विकायचे नाहीत. कोई खादाड असतात, घाण भरपूर करतात, थंडी-उन्हाळा दोन्ही सोसतात, म्हणजे भाजीच्या दृष्टीने उत्तमच. ठराव एकमताने झाला. मीही मान डोलावली.

इथे एक गोष्ट मी बोलायला हवी होती आणि बोलले नाही. मासे खायचे नाहीत असं ठरलं की या पद्धतीतलं अर्धं उत्पन्न कागदावरून जातं, खाद्याचा खर्च मात्र तसाच राहतो. आणि न मारलेला मासा वाढतच राहतो. एकमत झाल्याच्या आनंदात हा हिशेब कोणी काढला नाही.

उभारणी

भोसरीतून पांढऱ्या, लोखंडी पिंजऱ्यातल्या हजार लिटरच्या दोन जुन्या टाक्या आणल्या. त्यांत आधी काय होतं याचं लेबल शाबूत असलेल्याच घ्यायच्या, असा हट्ट धरला. एकीत साखरेचा पाक होता, दुसरीत ग्लिसरीन. रंग किंवा रसायनाची टाकी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. एकीत ८०० लिटर पाणी आणि मासे, दुसरी आडवी कापून दोन वाफे. जोडीला विटांचा आणि ताडपत्रीचा आणखी एक लांब वाफा, आणि खाली ३०० लिटरची जमा टाकी. वाफ्यांचं क्षेत्र मिळून पाच चौरस मीटर. रोज दोन-सव्वादोनशे ग्रॅम खाद्य पडलं तर एवढे वाफे पोसले जातात, आणि तेवढं खायला पूर्ण वाढीला साधारण पंधरा किलो मासे लागतात. आठशे लिटरला ती कमाल मर्यादाच. साठ पिल्लं आणायची ठरली.

खडीची गंमत सांगण्यासारखी आहे. सह्याद्रीचा काळा दगड, त्याचा पाण्यावर काही परिणाम व्हायचा नाही, असं आम्ही गृहीत धरलं. तरी सवयीने एक मूठ खडी व्हिनेगरमध्ये टाकली, तर काही खड्यांवरून बुडबुडे. बेसाल्टच्या पोकळ्यांत कॅल्साइटचे पांढरे स्फटिक बसलेले असतात, आणि चुन्याचा अंश पाण्यात उतरला की पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, वर चढतो. आलेली खडी परत पाठवली, दुसऱ्या क्रशरची तपासून घेतली. दोन आठवडे गेले, पण ते सार्थकी लागले.

एक ४० वॉटचा पंप, एक २० वॉटचा हवेचा पंप. दोन्ही चोवीस तास, महिन्याला ४३ युनिट. हवेच्या पंपाला बॅटरीची जोड, दुकानदाराच्या शब्दावर "चार तास आरामात". उभारणीचा खर्च ९२ हजार.

२६ जानेवारीचा प्रश्न

पाणी नोव्हेंबरच्या शेवटी फिरायला लागलं. जिवाणू बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, पण ते कोमट पाण्यात. पुण्याच्या डिसेंबरात पहाटे पारा दहा-बाराला येतो, टाकीतलं पाणी अठराच्या वर जाईना, आणि जिवाणूंनी रजा टाकल्यासारखं केलं. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात अमोनिया उतरला होता, नायट्राइट मात्र लिटरला दोन मिलिग्रॅमवर अडून होतं.

दरम्यान कोणीतरी परस्पर जाहीर करून टाकलं होतं की ध्वजवंदनानंतर मुलांच्या हस्ते मासे सोडणार.

काय करता आलं असतं? कार्यक्रम पुढे ढकलणं, हा शास्त्रशुद्ध मार्ग. साठ मासे सोडून देवावर हवाला ठेवणं, हा काही जणांचा आग्रह. मी तिसरं सुचवलं: दहाच मासे सोडायचे, आठवडाभर जवळजवळ उपाशी ठेवायचे आणि पाण्यात लिटरला एक ग्रॅम या हिशेबाने जाडं मीठ घालायचं. मिठातला क्लोराइड कल्ल्यांपाशी नायट्राइटची वाट अडवतो. मीठ पाण्यातून निघून जात नाही आणि झाडांना ते मानवत नाही, म्हणून हा उपाय एकदाच वापरता येतो. दहा सोडले, एक मेला. मुलांनी त्याला पंपघरामागे पुरला आणि वर चाफ्याची फांदी खोचली. उरलेले पन्नास, चार-पाच इंची, मार्चच्या मध्यात आणले, तोवर नायट्राइट शून्यावर आलं होतं.

एप्रिल: पिवळी पानं

पालक, पुदिना, कोथिंबीर आणि कडेला अळू लावला होता. मार्चभर सगळं दृष्ट लागण्यासारखं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पालकाची कोवळी पानं पिवळी पडू लागली, शिरा तेवढ्या हिरव्या. गटाच्या व्हॉट्सॲपवर फोटो आले आणि सल्ल्यांचा पाऊस पडला. सेक्रेटरी म्हणाले, नत्र कमी पडलंय, चिमूटभर युरिया टाकू. माशांच्या टाकीत युरिया म्हणजे थेट अमोनियाची भर, हे सांगायला मी फोन उचलला तेव्हा ते पुडी फोडायच्या बेतात होते. दुसऱ्या कोणाला वाटलं मासे उपाशी आहेत म्हणून झाडं उपाशी आहेत. त्यांनी खाद्य वाढवलं, मुलांनी त्यात बिस्किटांची भर घातली.

जुनी पानं हिरवी आणि नवी पिवळी असतील तर नत्राचा प्रश्न नसतो. नत्र कमी पडलं की आधी खालची, जुनी पानं पिवळी पडतात. हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण होतं. आणि लोह का मिळेना? मी सामू मोजला: ८.२. महिन्यापूर्वी ७ होता.

टँकर. एप्रिलमध्ये पाणीकपात सुरू झाली, आणि बाष्पीभवनाने रोज कमी होणारं तीस-चाळीस लिटर पाणी टँकरच्या पाण्याने भरलं जात होतं. खडकवासला धरणातून नळाला येणारं पाणी मऊ, टँकरमधलं बोअरचं पाणी जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं. बाष्प उडतं ते निव्वळ पाण्याचं, क्षार मागेच राहतात, वरून रोज नवे क्षार. सामू आठच्या वर गेला की लोह पाण्यात असूनही झाडाला घेता येत नाही.

झाडांचं पिवळेपण हा झाला दिसणारा भाग. न दिसणारा भाग असा की पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो, एक बरंचसं निरुपद्रवी, दुसरं विषारी, आणि दोघांचं प्रमाण सामूवर ठरतं. सात सामूला विषारी रूप शंभरात एकसुद्धा नसतं. आठला ते साधारण दहापट होतं, पाणी गरम असेल तर आणखी. पाणी तपासायच्या किटमधला रंग दोन्ही वेळी सारखाच दिसतो. आमच्या वहीत "अमोनिया १" असं मार्चमध्येही लिहिलं होतं आणि एप्रिलमध्येही. मार्चमध्ये तो आकडा चालून गेला, एप्रिलमध्ये त्याच आकड्याने सात मासे गेले.

उपायांपैकी काकूंचा सर्वांत आधी आला: "लिंबू पिळा." (हो, त्याच काकू. तोवर त्या रोज सकाळी टाकीपाशी थांबायला लागल्या होत्या.) तर्क बरोबर होता, प्रमाण नाही. जड पाण्यातला क्षार आम्ल पिऊन टाकतो, दोन दिवसांत सामू पुन्हा जागेवर. त्या पाण्याला लिंबांचं पोतं लागलं असतं आणि लिंबाचं आम्ल जिवाणूंनाही त्रासदायक. फॉस्फोरिक आम्ल वापरता येतं, वेगळ्या पिंपात, हातमोजे घालून. आवारात मुलं खेळतात, म्हणून मी ते नाकारलं. निवडलेला मार्ग कंटाळवाणा होता: खाद्य चार दिवस पूर्ण बंद, तिसरा हिस्सा पाणी काढून गच्चीवरच्या कुंड्यांना, आणि महापालिकेचं पाणी येईल तेव्हा पाचशे लिटरचं पिंप भरून त्यात दिवसभर हवा सोडून क्लोरीन उडवायचं व तेच वापरायचं. लोहासाठी डीटीपीए प्रकारचं चिलेटेड लोह (झाडाला घेता यावं म्हणून दुसऱ्या रेणूत बांधून ठेवलेलं लोह) शोधून आणलं. कृषी सेवा केंद्रात नुसतं "चिलेटेड लोह" मागितलं तर बहुतेक वेळा ईडीटीए प्रकारचं हातात पडतं, आणि ते साडेसहाच्या वरच्या सामूला फारसं टिकत नाही. दहा दिवसांत नवी पानं हिरवी आली.

टँकरचं पाणी मी आधी तपासायला हवं होतं. पुण्यात एप्रिलला टँकर येतो हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

मे महिन्यातली ती रात्र

वळवाचा पाऊस, रात्री एकच्या सुमारास वीज गेली. सोसायटीचा जनरेटर लिफ्ट आणि पाण्याच्या पंपापुरता. आमचा प्लग त्यावर नव्हता. बॅटरी होती, पण गाड्या धुणाऱ्या मुलाने प्रेशर पंपासाठी दुपारी तिच्या चार्जरचा प्लग काढला होता आणि परत लावला नव्हता. बॅटरी अर्ध्या तासात बसली. पाणी ३० अंशांवर, त्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो. मासे आणि जिवाणू दोघंही तो ओढत होते.

तीनच्या सुमारास रात्रपाळीचे सुरक्षारक्षक, सगळे त्यांना मामा म्हणतात, टॉर्च घेऊन फेरी मारत आले. मासे पृष्ठभागावर तोंड वासून होते. मामांनी काकांना फोन लावला, तो सायलेंटवर. गटातल्या बाकीच्यांचे नंबर त्यांच्याकडे नव्हते. मग त्यांनी बादली घेतली, टाकीतलं पाणी उपसायचं, हात वर करून उंचावरून पुन्हा टाकीत ओतायचं. पावणेसहाला वीज आली तोवर मामा हेच करत होते. भावाच्या शेततळ्यात एकदा असंच झालं होतं, एवढंच त्यांनी नंतर सांगितलं.

२१ मासे मेले. ३१ वाचले.

सकाळी नऊ वाजता बैठक भरली तेव्हा मामांची पाळी संपून ते घरी गेले होते. बैठकीत गाड्या धुणाऱ्या मुलाला काढावं इथपासून चर्चा सुरू झाली. मी वही उघडून दाखवली. नोव्हेंबरपासूनच्या नोंदींत सामू होता, अमोनिया होता, कोथिंबिरीच्या जुड्या होत्या. रात्री बारा ते सहा टाकीजवळ जागा असणारा एकच माणूस होता, आणि वहीत त्याचं नाव कुठेच नव्हतं. त्याला कोणी एका शब्दाने काही सांगितलं नव्हतं. त्या मुलालाही तो प्लग कशाचा हे कोणी सांगितलं नव्हतं.

पर्याय मांडले. बंद करून मासे कोणाच्या तरी शेततळ्यात सोडणं: दोघांचं मत. जनरेटरची जोडणी वाढवणं: इलेक्ट्रिशियनने दिलेला खर्च जास्त, शिवाय तो जनरेटर सुरू करायलाही माणूसच लागतो. मासे आणि भाजी यांचं चक्र तोडून टाकणं: टाकीत फक्त मासे, त्यांचं पाणी रोज कुंड्यांना. यात भाजीचे वाफे जातात, पण अडकलेपणही जातं. काकांनी याला कडाडून विरोध केला, त्यांच्या दृष्टीने मग प्रयोगच उरत नव्हता. चौथा, आहे तेच कमी माशांवर चालवायचं आणि जबाबदारी लिहून वाटायची.

चौथा घेतला. प्लग कुलुपाच्या पेटीत गेला. सुरक्षारक्षकांच्या केबिनमध्ये कागद चिकटवला: वीज गेली तर कोणता दिवा पाहायचा, तो विझला तर कोणाला फोन करायचा, कोणीच उचलला नाही तर बादली. तिन्ही फोन नंबर मोठ्या अक्षरांत. मामांना या कामाचे महिना पाचशे रुपये ठरले. त्यावर एका सभासदांनी "माशांना बघायचे पैसे?" असं विचारलं. अध्यक्ष म्हणाले, "बघण्याचे नाहीत, जागण्याचे." तेवढ्यावर विषय मिटला.

पावसाळा

जूनमध्ये छपरावरचं पावसाचं पाणी टाकीत घ्यायला लागलो आणि सगळे खूश झाले: फुकट, मऊ, क्लोरीन नाही. जुलैच्या अखेरीस सामू ५.९. अमोनियाचं नायट्रेट होताना पाण्यातला क्षार खर्च होत असतो, पावसाच्या पाण्यात तो जवळजवळ नसतोच. सामू सहाच्या खाली गेला की जिवाणूंचं काम मंदावतं आणि अमोनिया पुन्हा साठू लागतो. तिसऱ्या मजल्यावरच्या मालवणच्या आजींकडून शिंपल्या आल्या. त्यांचा चुना हळूहळू पाण्यात उतरून सामू वर यावा म्हणून त्या धुवून, कापडी पिशवीत बांधून पंपाच्या धारेखाली टांगल्या. आणि आठवड्याला दोन बादल्या बोअरचं पाणी. एप्रिलमध्ये ज्या पाण्याने मासे मारले तेच ऑगस्टमध्ये मोजून घालत होतो.

एक धोका केवळ नशिबाने टळला. डेंग्यूच्या दिवसांत आवारात धूरफवारणी होते. तिच्यातली पायरेथ्रॉइड वर्गातली औषधं माणसाला फारशी बाधत नाहीत, माशांना मात्र अत्यंत घातक असतात, आणि हवेचा पंप बाहेरची हवा खेचून सरळ पाण्यातच सोडतो. फवारणीवाला गेटवर असताना मामांनीच फोन केला. ताडपत्री टाकून अर्धा तास हवा बंद ठेवली. कागदावर चौथी ओळ वाढली. साठलेलं पाणी तपासायला आलेल्या महापालिकेच्या कर्मचाऱ्यांनी मात्र टाकीत डोकावून, अळ्या खायला मासे आहेत म्हणत पुढचा जिना धरला.

मावा पडला तेव्हा निंबोळी तेल फवारायचा मोह झाला. तेही नाही, साबणाचं पाणीही नाही, दोन्ही माशांना बाधतं. पाण्याच्या झोताने धुणं आणि जास्त लागलेली पानं तोडणं एवढंच करता आलं.

निष्पत्ती

जुलैपासून पुढे महिन्याला सरासरी साडेसहा किलो पालेभाजी निघाली. पालक बरा, कोथिंबीर लहरी, मेथी फसली, मिरची नावापुरती. खरे राजे पुदिना आणि अळू. सावलीचं, कायम ओलं ठिकाण त्यांना माहेरासारखं मानवलं. श्रावणात आणि गणपतीत मिळून चौदा घरांत त्या अळूच्या वड्या झाल्या. खर्चाची बाजू: खाद्य चारशे, वीज चारशेच्या आसपास, लोह-किट वगैरे दोनशे, मामांचे पाचशे. दीड हजार. म्हणजे उभारणीचा खर्च आणि सात जणांचे तास सोडून, २३० रुपये किलोची पालेभाजी. हा आकडा मी सभेत फळ्यावर लिहिला. स्वस्त भाजीसाठी कोणी हे करू नये.

पाण्याची बाजू चांगली आहे, रोज तीस-चाळीस लिटरमध्ये पाच चौरस मीटर भाजी. विजेची बाजू मध्यम. खाद्याच्या गोळ्यांत बहुधा समुद्रातल्या माशांचीच भुकटी असते, त्यामुळे "शाश्वत" हा शब्द मी पत्रकातून काढायला लावला.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, वर्षभराचं पाणी एका कागदावर मांडायला हवं होतं: कोणत्या महिन्यात कुठून येतं, त्याचा सामू किती, जडपणा किती. शंभर-दोनशे रुपयांचं काम. सुरुवात ऑक्टोबरच्या आरंभी करायला हवी होती, पाणी कोमट असताना. साठऐवजी पंचवीस माशांनीही पुदिना-अळू तितकाच आला असता, हे ३१ माशांवर चाललेल्या पावसाळ्याने दाखवलं. आणि मामांना पहिल्या बैठकीला बोलवायला हवं होतं. चक्र तोडण्याचा तिसरा पर्याय मला अजूनही वाईट वाटत नाही. ज्या सोसायटीत रात्री जागं कोणी नाही तिथे मी तोच सुचवते.

राहिला कोईंचा प्रश्न. दुसऱ्या हिवाळ्यात नऊ मासे एका ओळखीच्या शेतघराच्या कुंडात गेले, कारण टाकी लहान पडू लागली होती. उरले २२, प्रत्येकी अर्ध्या किलोच्या पुढे, मिळून पंधरा किलोच्या मर्यादेला टेकलेले. कोई दोन-अडीच फुटांपर्यंत वाढू शकतो आणि वीस-पंचवीस वर्षं सहज जगतो. मारायचे नाहीत, विकायचे नाहीत, हा ठराव कायम आहे. नदीत सोडणं योग्य नाही, तेही परकेच मासे. पुढच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत लिफ्टच्या देखभाल कराराखाली पाचवा विषय आहे: "माशांचे पुढे काय." सूचक काकू, अनुमोदक काका.